काट्याला नंतर, आकड्यांना आधी विचारा
जुन्या गाड्यांच्या स्पीडोमीटरबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत केबलवर चालणारा स्पीडोमीटर पुन्हा पुन्हा आला. कुणाचा काटा नाचतो, कुणाचा टोकाला जाऊन चिकटतो, कुणाचा जागचा हलत नाही. आणि निम्म्याहून अधिक पत्रांत हे वाक्य आहेच : ‘केबल नवी टाकली, तरी तसंच.’ म्हणून उत्तरांकडे वळण्याआधी मीटरच्या आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो. ते एकदा लक्षात आलं की निम्मं निदान घरबसल्या होतं.

गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर स्क्रूच्या आट्यांसारखे दाते कापलेले असतात. त्यांत एक पिनियन, म्हणजे छोटी दातेरी चाकी, गुंतलेली असते आणि पिनियनच्या चौकोनी भोकात केबलच्या आतल्या तारेचं चौकोनी टोक बसतं. तारेचं दुसरं टोक मीटरमधला स्पिंडल, म्हणजे बारीक दांडा, फिरवतं. इथून दोन वाटा फुटतात. एका वाटेवर स्पिंडलवरचे बारीक दाते चाकीला, चाकी दुसऱ्या चाकीला आणि ती किलोमीटरच्या आकड्यांना फिरवते. हे सगळं दात्याला दाता लागून चालतं. दुसरी वाट काट्याची. स्पिंडलच्या डोक्यावर लोहचुंबक फिरतो आणि त्याला अजिबात न टेकता ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी त्याच्याभोवती असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरा प्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. घड्याळात असते तशी केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोघांच्या रस्सीखेचीत वाटी जिथे थांबते, तिथे काटा थांबतो. १९०२ साली जर्मनीत ओटो शुल्झ यांनी याच तत्त्वावर पेटंट घेतलं आणि कारमधले केबलचे बहुतेक मीटर शेवटपर्यंत त्याच तत्त्वावर चालले.

म्हणजे केबल जेवढी फिरली तेवढेच आकडे पुढे जाणार, त्यात फसवाफसवीला जागा नाही. काट्याच्या वाटेवर मात्र हवेची फट, चुंबक आणि स्प्रिंग अशा तीन बिघडण्यासारख्या जागा आहेत. तेव्हा साक्ष आधी आकड्यांची घ्यायची.

प्रश्न : ताशी २० ते ५० किलोमीटरच्या दरम्यान काटा दहा-पंधरा घरं पुढेमागे नाचतो. ६० च्या पुढे बराच स्थिर होतो. किलोमीटरचे आकडे बरोबर पडतात. केबल गेल्या महिन्यातच नवी टाकली आहे. मीटर खराब समजायचा का?

उत्तर : नाही. आकडे बरोबर आहेत, म्हणजे केबलच्या एकूण फेऱ्या बरोबर आहेत. बिघाड आहे तो त्या फेऱ्या एकसारख्या न पडण्यात. आतली तार म्हणजे एकावर एक उलटसुलट गुंडाळलेल्या तारांचे थर, एक लांब लवचिक स्प्रिंगच. ती कुठे घासून अडकली की खालचं टोक फिरत राहतं, तारेत पीळ साठतो आणि पुरेसा साठला की वरचं टोक एकदम उसळतं. मग पुन्हा अडकणं, पुन्हा उसळणं. वेग वाढला की हे झटके इतक्या जवळजवळ येतात की काट्याला त्यांच्यामागे धावता येत नाही, म्हणून तो स्थिर दिसतो.

केबल नवी असली तरी ती कुठून नेली आहे ते आधी पाहा. कुठल्याही वळणाची त्रिज्या १५० मिलिमीटरपेक्षा कमी नको. दोन्ही टोकांच्या नटांपासून पहिले ५० मिलिमीटर तरी केबल सरळ गेली पाहिजे. सगळ्यात जास्त चुका डॅशबोर्डच्या मागे होतात. मीटर जागेवर ढकलताना केबल त्याच्या पाठीशी काटकोनात दुमडते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. केबल लांब असेल तर जादा लांबी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) भोकातून इंजिनाच्या बाजूला ओढून घ्या. क्लिपा केबलला आधार देण्याइतक्याच आवळा. बाहेरची नळी चेपेल इतक्या नकोत.

मग मीटरकडचा नट सोडा. त्याआधी बॅटरीची तार काढा. डॅशबोर्डमागे उघडी टर्मिनल असतात आणि केबलचं धातूचं टोक त्यांवर टेकलं तर वायरिंग जळायला क्षणही लागत नाही. नळीच्या तोंडाबाहेर आतली तार किती येते ते मोजा. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या मीटरांसाठी हे माप ३/८ इंच, म्हणजे साधारण १० मिलिमीटर असतं. तार जास्त बाहेर असेल तर नट आवळल्यावर ती स्पिंडलला वर रेटते, मग बेअरिंग घासतं आणि चुंबक वाटीला टेकू शकतो. कमी असेल तर चौकोनी टोक खाचेत जेमतेम पोहोचतं आणि निसटत राहतं. नव्या केबलवर हे माप नेमकं चुकलेलं सापडतं, कारण बाजारातली केबल बरेचदा ‘चार-पाच मॉडेलांना चालणारी’ असते. मोजायच्या आधी तार खालच्या बाजूला पिनियनमध्ये पूर्ण बसली आहे ना ते पाहा. बसली नसेल तर ती उगाच लांब भासते. वरून हलकं दाबत बोटांनी फिरवलं की टोक खाचेत पडल्याचं हाताला कळतं.

आता तार पूर्ण बाहेर काढा, पुसा आणि काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर लोळवून पाहा. सरळ तार शांतपणे लोळते. मुरगळलेली असेल तर एक जागा दर फेरीला टप्‌ करून उडी मारते. दुसरी परीक्षा याहून बारीक आहे. तारेची दोन्ही टोकं दोन हातांत धरून मध्ये मोठी झोळी पडू द्या आणि एक टोक चिमटीत सावकाश फिरवा. दुसऱ्या चिमटीतलं टोक त्याच गतीने फिरलं पाहिजे. ते थांबून थांबून, धक्क्याने फिरत असेल तर तार गेली. ती हाताने सरळ करत बसू नका, होत नाही.

तार चांगली निघाली तर ग्रीस लावा, पण कंजुषीने. थंडीत घट्ट न होणारं हलकं ग्रीस बोटांत घेऊन तारेला नुसता हात फिरवायचा. चाकांच्या बेअरिंगचं जड ग्रीस नको, इंजिन ऑइल तर नकोच. तार नळीत सरकवताना शेवटचे २०० मिलिमीटर बाहेर राहू द्या, तेवढ्या भागावरचं ग्रीस फडक्याने पुसून टाका आणि मगच तार आत ढकला. असं का, ते पुढच्या उत्तरात येईल. काही नव्या केबलींच्या नळीला आतून नायलॉनचं अस्तर असतं आणि त्या कोरड्याच चालवायच्या असतात. पाकिटावर तशी सूचना असेल तर ती पाळा.

इतकं करूनही काटा नाचला तर केबल सोडून मीटरच्या मागची चौकोनी खाच काडीने किंवा चौकोनी घासलेल्या खिळ्याने फिरवून पाहा. स्पिंडल बोटाच्या हलक्या जोरावर, एकसारखा फिरला पाहिजे. खरखर लागली तर तो ज्यात फिरतो ते बुश कोरडं पडलंय.

प्रश्न : सकाळी गाडी काढली की मीटर नीट चालतो. दहा-पंधरा मिनिटांनी काटा हळूहळू वर सरकत शेवटच्या आकड्यापर्यंत जातो. गाडी थांबवली तरी लगेच खाली येत नाही. चुंबक जास्त ताकदवान झाला असेल का?

उत्तर : चुंबक वयाने कमकुवत होतो, ताकदवान होत नाही. तुमच्या मीटरमध्ये तेल चढलं आहे. चुंबक आणि वाटी यांच्यामधली फट जेमतेम असते. तिच्यात तेल किंवा ग्रीस शिरलं की दोघांना ते चिकटवून टाकतं. मग वाटीला चुंबकाची ओढ लागण्याऐवजी चुंबक तिला सरळ सोबत घेऊन फिरतो आणि काटा टोकाला जातो.

तेल इतकं वर कसं पोहोचतं? आतल्या तारेवरचे पीळ म्हणजे स्क्रूचे आटेच. ती नळीत फिरते तेव्हा विहिरीतून पाणी उपसणाऱ्या स्क्रूपंपासारखं तेल वर ढकलत नेते. म्हणूनच वरच्या टोकाचं ग्रीस पुसायला सांगितलं. पण ग्रीस थोडं असतं. इतकं तेल येतं ते बहुधा गिअरबॉक्समधून, पिनियनच्या घराचं ऑइल सील गेल्यामुळे. खात्री करायला मीटरकडची केबल सोडा. टोक पातळ तेलाने निथळत असेल आणि त्याला गिअर ऑइलचा उग्र वास असेल तर दुसरा पुरावा शोधायला नको.

कामाचा क्रम बदलू नका. आधी खालचं सील आणि पिनियनच्या घराभोवतीचं ओ-रिंग किंवा गॅस्केट बदला. मग केबल काढून नळी आणि तार दोन्ही केरोसीनने धुऊन पूर्ण वाळू द्या आणि नव्याने, हलक्या हाताने ग्रीस लावा. मीटर सगळ्यात शेवटी उघडा. वरूनच सुरुवात करणाऱ्यांना काही आठवड्यांनी तेच काम पुन्हा करावं लागतं.

काचेभोवतीची कडी बहुतेक मीटरांवर थोडी फिरवली की खाचांतून निघते. काहींवर कड दुमडून दाबलेली असते. ती बोथट पेचकसाने गोलाकार जात थोडी थोडी उचलावी लागते. एका जागी उचकटली तर ती नंतर कधी नीट बसत नाही. यंत्र घरातून बाहेर काढलं की बऱ्याच मॉडेलांत वाटीची कड बाजूने दिसते. काटा न काढता जमत असेल तर काढूच नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिळलेली कागदी पट्टी वाटी आणि चुंबकामधून सरकवत, दर वेळी नवी पट्टी घेत पुसा. पट्टी कोरडी निघेपर्यंत हेच करायचं. कार्ब्युरेटर क्लीनर किंवा थिनरचा फवारा मारू नका. डायलवरची छपाई आणि आकड्यांच्या चाकांवरचा रंग त्याने विरघळतो, आणि छपाई गेलेल्या डायलवर पुढे फारसा उपाय राहत नाही.

काटा काढावाच लागला तर आधी तो अडसराच्या खुंटीवरून अलगद उचलून पलीकडे जाऊ द्या आणि मोकळा सोडल्यावर कुठे थांबतो तिथे डायलच्या कडेला पेन्सिलीची खूण करा. स्प्रिंगचा मूळ ताण किती होता हे सांगणारी ती एकच खूण आहे. मग डायलवर पातळ पुठ्ठा ठेवून काट्याच्या मध्याखाली दोन बाजूंनी दोन चहाचे चमचे घाला आणि सरळ वर उचला. काटा पिळून काढायला गेलात तर तो ताण केसाएवढ्या स्प्रिंगवर येतो.

स्पिंडलच्या बुशला घड्याळाच्या तेलाचा एक थेंब, सुईच्या टोकाने. काही मीटरांत तिथे तेल धरणारी छोटी वात असते. तिला दोन थेंब चालतात. वाटीच्या आसपास काहीही लावायचं नाही.

एक सावधगिरी. डायलवरचे आकडे आणि काटा अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले असतील आणि गाडी १९६० च्या आधीची असेल, तर तो रंग रेडियमचा असू शकतो. त्याची चमक केव्हाच विझली असली तरी किरणोत्सार विझलेला नसतो. तो रंग खरवडू नका, फुंकू नका, आणि मीटर जेवणाच्या टेबलावर उघडू नका.

प्रश्न : वेग बरोबर दिसतो, पण किलोमीटरचे आकडे पुढे सरकत नाहीत. ट्रिप मीटरही बंद.

उत्तर : केबल आणि चुंबक ठीक आहेत. आतल्या चाक्यांपैकी एक निसटली आहे. व्हीडीओ या जर्मन कंपनीच्या मीटरांत हा बिघाड ठरलेला : आकड्यांच्या शाफ्टवर दाबून बसवलेली चाकी सैल होते आणि शाफ्ट तसाच राहून चाकी एकटीच फिरते. शाफ्टचा तेवढाच भाग बारीक खरवडून, दोन घटकांच्या इपॉक्सीचा अगदी लहान ठिपका लावून चाकी पुन्हा बसवतात. इपॉक्सी शेजारच्या आकड्याच्या चाकावर गेला तर सगळंच जाम होईल. प्लास्टिकच्या चाकीला मात्र आधी भिंगाखाली बघा. शाफ्टपासून बाहेर जाणारी चीर असेल तर चिकटवून उपयोग नाही, चाकीच बदलायची.

आणि पुढे एक सवय मोडा. गाडी चालू असताना ट्रिपचं बटण दाबून शून्य करू नका. त्या क्षणी फिरत्या चाकीच्या दात्यांवर उलटा जोर येतो आणि दाते तुटतात. काम करताना आकडे हलले तर मूळ आकडा लिहून ठेवून तोच परत लावा. आकडे मागे करणं अनेक देशांत गुन्हा आहे.

प्रश्न : दुसरा गिअरबॉक्स बसवल्यापासून स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा जीपीएसवर ९० असतात. मीटर कॅलिब्रेट करून घ्यावा का?

उत्तर : थांबा. जीपीएसवर मोजलेल्या १० किलोमीटरला तुमचे आकडे किती पडतात? ११.१ च्या आसपास पडत असतील, म्हणजे काट्याइतकीच चूक आकड्यांतही असेल, तर मीटर निर्दोष आहे आणि केबलच जास्त फिरते आहे. अशा वेळी काटा ‘दुरुस्त’ केला तर वेग बरोबर दिसेल आणि अंतर कायम चुकत राहील. चुकीचं कारण बदललेल्या पिनियनमध्ये, डिफरन्शिअलच्या (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरांच्या) प्रमाणात किंवा टायरमध्ये असतं.

टायरचा वाटा तपासायला सोपा आहे. १६५/८० आर १३ टायरचा व्यास हिशेबाने ५९४ मिलिमीटर, १७५/७० आर १३ चा ५७५. एवढ्याने काटा सव्वातीन टक्के पुढे जातो. तुमचे अकरा टक्के टायरने भरून निघणारे नाहीत.

आता मीटरला काय हवं आहे ते डायलवर वाचा. स्मिथ्सच्या डायलच्या तळाशी मॉडेलच्या क्रमांकाशेजारी बारीक अक्षरांत १००० किंवा १२८० असा आकडा असतो : एका मैलाला केबलच्या इतक्या फेऱ्या. व्हीडीओवर डब्ल्यू आणि पुढे दशांशातला आकडा दिसतो, त्या एक मीटर अंतराला केबलच्या फेऱ्या. ०.६ म्हणजे किलोमीटरला ६००. अमेरिकी गाड्यांचं प्रमाण मैलाला १०००, जपानी गाड्यांचं किलोमीटरला ६३७.

गाडी प्रत्यक्षात काय देते ते असं मोजा. टायरमध्ये योग्य हवा भरा. मीटरकडची केबल सोडा आणि तारेच्या टोकावर पुठ्ठ्याचा बाण खोचा. सपाट जमिनीवर ५० मीटर टेपने आखा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून गाडी ढकला आणि एकाने आत बसून बाणाच्या फेऱ्या मोजा, शेवटची अर्धी-पाव फेरीसुद्धा. फेऱ्यांना २० ने गुणलं की किलोमीटरचा आकडा मिळाला. समजा ३५ फेऱ्या आल्या, म्हणजे ७००. डायलवर ६३० लिहिलं असेल तर भागाकार १.११. तुमची चूक नेमकी सापडली.

जागा कमी असेल तर स्मिथ्सची जुनी रीत आहे. गाडी ढकलून मागचं चाक बरोबर सहा फेऱ्या फिरू द्या, केबलच्या फेऱ्या मोजा, त्यांना १६८० ने गुणा आणि चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतच्या अंतराने, इंचांत, भागा. १२ इंच आणि ७⅛ फेऱ्या आल्या तर उत्तर सुमारे १०००, मैलाला. जॅकवर एकच चाक उचलून ते हाताने फिरवण्याचा मोह टाळा. दुसरं चाक स्थिर असलं की डिफरन्शिअलमुळे गिअरबॉक्सकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट निम्माच फिरतो आणि हिशेब दुपटीने चुकतो.

उपाय पिनियनमध्ये. केबल फिरवणाऱ्या पिनियनचे दाते वाढवले की केबल हळू फिरते. आताचे दाते गुणिले दिसणारा वेग भागिले खरा वेग. २० दाते असतील तर २० × १०० ÷ ९० = २२.२, म्हणजे २२ दात्यांची पिनियन. त्यानंतर खऱ्या ९० ला मीटर ९१ दाखवेल आणि तिथे हात थांबवावा. मात्र दाते बदलले की पिनियनचा व्यासही बदलतो. म्हणून काही गिअरबॉक्सांत दात्यांच्या संख्येनुसार पिनियनचं घरही वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर दाते एक तर जाम होतात किंवा जेमतेम टेकून झिजतात. योग्य पिनियन मिळतच नसेल तर केबलच्या मध्ये बसणारा लहानसा दुरुस्ती गिअर हवा त्या प्रमाणात बनवून घेता येतो.

प्रश्न : माझ्या गाडीत उलट आहे. अंतर जीपीएसशी तंतोतंत जुळतं, पण काटा कमी दाखवतो. उन्हात गाडी तापली की आणखी कमी.

उत्तर : हा मात्र खरोखर मीटरचा दोष. आधी ठरवा, किती कमी आणि कुठे कमी. जीपीएस समोर ठेवून सोबत्याला ३०, ५०, ७०, ९० ला आकडे लिहायला सांगा. सगळीकडे सारखेच पाच-सहा कमी पडत असतील तर काटा चुकीच्या जागी बसवला आहे किंवा स्प्रिंगचं टोक धरणारी पट्टी सरकली आहे. ती पट्टी किंचित हलवली की पुरे. वेगाबरोबर चूक वाढत असेल, ३० ला तीन आणि ९० ला नऊ, तर चुंबक कमकुवत झाला आहे. पट्टी सरकवून तो दोष झाकता येतो, तोही एकाच वेगाला. मग शून्याजवळ काटा खोटा पडतो. चुंबकाची दुरुस्ती मीटरच्या कारागिराकडेच. तो चुंबक आधी पूर्ण भारतो आणि मग काटा जागेवर येईपर्यंत ताकद थोडी थोडी उतरवतो.

उष्णतेचं म्हणाल तर ॲल्युमिनियमचा विद्युत रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. डॅशबोर्ड २५ अंशांनी तापला की वाटीची ओढ जवळपास दहा टक्के घटणार. हे भरून काढायला चुंबकाला निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची एक पातळ चकती लावलेली असते. थंड असताना ती चुंबकाचं थोडं क्षेत्र स्वतःतून वळवून घेते आणि तापली की सोडून देते. तुमचा मीटर पूर्वी कुणी उघडला असेल तर ती चकती ‘जादा वायसर’ समजून बाजूला राहिली असण्याची शक्यता मोठी.

टेबलावर तपासायची सोय डायलवरच्या त्याच आकड्यात आहे. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर किंवा एक मैल. म्हणून डायलवर ६३० असेल तर मिनिटाला ६३० फेऱ्यांवर काटा ६० वर आला पाहिजे. वेग बदलता येणारं ड्रिल आणि फेऱ्या मोजणारं टॅकोमीटर एवढं पुरतं. ड्रिल लावण्याआधी स्पिंडल बोटाने फिरवून आकडे कोणत्या दिशेने पुढे जातात ते बघा आणि ड्रिल त्याच दिशेने चालवा. उलट फिरवलं तर काटा खुंटीवर आपटतो.

काटा दोन-तीन टक्के जास्त दाखवत असता तर सोडून द्या म्हटलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार नव्या गाडीचा मीटरही खऱ्या वेगापेक्षा १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतका जास्त दाखवू शकतो. खऱ्या ८० ला ९२ पर्यंत. पण कमी दाखवायला त्यात अजिबात मुभा नाही, आणि तुमचा दोष नेमका तोच आहे.

प्रश्न : दीड वर्षात तिसरी केबल तुटली. चांगल्या प्रतीची केबल कोणती?

उत्तर : केबलचा दोष नाही. तुटलेल्या तारेकडे बघा. वरचं चौकोनी टोक पिळवटून तुटलं असेल तर मीटरचा स्पिंडल जाम आहे. तार मध्येच तुटली असेल तर त्याच जागी नळीला तीव्र वळण सापडेल. खालच्या टोकाशी तुटत असेल तर पिनियन, किंवा गिअरबॉक्सवर काटकोनी जोड असेल तर तो जोड बघा. तो कोरडा पडून अडकतो आणि बदलताना त्याच प्रमाणाचा घ्यावा लागतो. तुटलेले तुकडे जुळवून पूर्ण लांबी भरते का तेही मोजा, कारण पिनियनच्या भोकात राहिलेला सेंटीमीटरभर तुकडा नवी तार आत जाऊ देत नाही.

एक कारण मात्र कुणी तपासत नाही. जुनी नळी काढल्यावर तिचं प्लास्टिक वितळलेलं किंवा आतलं ग्रीस जळून काळं घट्ट झालेलं दिसलं का? मग इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी तुटलेली किंवा गंजलेली आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर असतं. पट्टी नसली की स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीसाठी मिळेल तो धातू पकडतो : चोकची तार, ॲक्सिलरेटरची तार, स्पीडोमीटरची केबल. दर वेळी स्टार्टर मारताना केबल भाजते. पट्टी बदला, तिच्या दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज खरवडून लख्ख धातूवर आवळा. मग चौथी केबल टाका.

प्रश्न : १९४० च्या दशकातल्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचा काटा सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उड्या मारतो. टिकटिक आवाजही येतो.

उत्तर : तो बहुधा क्रोनोमेट्रिक मीटर आहे आणि बहुधा ठणठणीत आहे. त्यात चुंबक नसतो. आत घड्याळासारखं यंत्र असतं, ते ठरावीक क्षणभर केबलच्या फेऱ्या मोजतं, काटा त्या आकड्यावर ठेवतं आणि पुन्हा मोजतं. उड्या समान अंतराने पडत असतील तर हात लावू नका. उड्या अनियमित झाल्या किंवा काटा मागे यायला विसरू लागला तर घड्याळजी लागतो, मेकॅनिक नाही.

प्रश्न : फोक्सवॅगन बीटलचा स्पीडोमीटर मधूनच बंद पडतो. गिअरबॉक्सजवळ केबल शोधली, सापडली नाही.

उत्तर : तिथे ती नाहीच. बीटलची केबल पुढच्या डाव्या चाकावरून येते. चाक ज्यावर फिरतं तो स्टब ॲक्सल पोकळ असतो, तार त्यातून बाहेर येते आणि बेअरिंगवरच्या धूळझाकणाच्या चौकोनी भोकात बसते, बाहेरून बारीक पिनने किंवा क्लिपने अडकवलेली. चाक फिरतं, झाकण फिरतं, तार फिरते. तुमच्यासारखा बिघाड असला की चाकाचं नक्षीदार कव्हर काढून आधी तीच पिन पाहा. पिन जागेवर असेल तर भोकाच्या कडा पाहा. चौकोन झिजून गोल झाला असेल तर तार कधी धरते, कधी घसरते, आणि झाकण बदलण्याला पर्याय नाही. झाकण स्वतःच सैल असेल तर ते चाकाबरोबर फिरतच नाही. शेवटी स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून केबल कुठे ताणली जाते का ते बघा. ताणली जात असेल तर चाकामागच्या रबरी बाहीतून ती मोकळी सरकायला हवी. ती बाही फाटली असेल तर पाणी आत जातं आणि तार नळीतच गंजून बसते. बाही केबलबरोबरच बदलून घ्या.